क्षमा केली, म्हणजे परत जायलाच हवे का?

प्रश्न : काही वर्षे एका प्रार्थनागटात होते, मागच्या वर्षी बाहेर पडले. आईवडील अजून तिथेच आहेत. पास्टर निरोप पाठवतात, की मी सर्वांसमोर येऊन समेट करेपर्यंत देव माझी प्रार्थना ऐकणार नाही. बायबलमधले मत्तय ६:१५ दाखवतात. मी त्यांना मनापासून क्षमा केली आहे असे वाटते, पण तिथली गाणी कुठे कानावर पडली की हातपाय गार पडतात. मग माझी क्षमा खोटी आहे का? मी परत जाऊन भेटावे का? (परभणी जिल्हा)

उत्तर :

ताई, तुमची क्षमा खोटी नाही, आणि क्षमा केली म्हणून त्या गटापुढे जाऊन उभे राहिलेच पाहिजे असे बंधन पवित्र शास्त्र तुमच्यावर घालत नाही. मी जालन्याची, निवृत्त शिक्षिका. उमेदीची बरीच वर्षे अशाच एका गटात काढून मी बाहेर पडले आणि आजही दर रविवारी उपासनेला जाते. त्यामुळे विश्वास टिकवून बाहेर कसे राहायचे, एवढ्यापुरतेच बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजा.

तुम्हाला दाखवले जाणारे वचन अवघड आहे आणि ते सौम्य करून सांगण्यात अर्थ नाही. तुम्ही लोकांना त्यांच्या अपराधांची क्षमा केली नाही, तर तुमचा पिताही तुम्हाला क्षमा करणार नाही, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे. परंतु ते वचन प्रार्थनेच्या शिकवणीत येते, आणि त्याच अध्यायात थोडे आधी, आपल्या खोलीत जाऊन, दार लावून, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याजवळ प्रार्थना करावी असे सांगितले आहे. म्हणजे ही क्षमा पाहणारा आणि तोलणारा एकच आहे. ती झाली की नाही हे तपासण्यासाठी पास्टरांची नेमणूक त्या अध्यायात कुठेही नाही, आणि मंडपात माईकवरून तिची साक्ष द्यावी असेही नाही.

असे गट मत्तयाच्या अठराव्या अध्यायातले ‘साताच्या सत्तर वेळा’ हे शब्द फार आवडीने उच्चारतात. मात्र तो अध्याय सुरुवातीपासून क्वचितच वाचतात. त्यात प्रथम लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवण्याची गोष्ट येते. मग अपराध करणाऱ्या भावाला एकांतात त्याचा अपराध दाखवावा, न ऐकल्यास एकदोघांना बरोबर न्यावे, तरीही न ऐकल्यास मंडळीला कळवावे आणि मंडळीचेही न ऐकल्यास त्याला परका समजावे, असा क्रम येतो. हे सगळे झाल्यावर पेत्र विचारतो की किती वेळा क्षमा करू. चुकीला चूक म्हणणे आणि क्षमा करणे ही एकाच अध्यायातली शेजारची कामे आहेत. आमच्या गटात पहिले काम करणाऱ्याला ‘बंडखोर आत्मा’ म्हणत आणि दुसरे मात्र त्याच्याकडून सक्तीने करून घेत.

त्याच अध्यायाच्या शेवटी निर्दय चाकराचा दाखला आहे : राजाने त्याचे मोठे कर्ज माफ केले, पण त्याने आपल्या सोबतीच्या चाकराचे लहान कर्ज माफ केले नाही. मूळ ग्रीक मजकुरात राजाचे देणे दहा हजार तालांत आणि सोबतीच्या चाकराचे देणे शंभर दीनार असे आकडे आहेत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, त्यामुळे पहिल्या रकमेपुढे दुसरी काहीच नाही, असे प्रवचनात नेहमी सांगतात आणि ते खरेच आहे. पण दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दीनार म्हणजे तीन महिन्यांहून अधिक काळाची मजुरी, आणि ती बुडाली तर किती घरांची चूल अडते हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तुमचे बुडालेले देणे क्षुल्लक होते, असे प्रभूने म्हटलेले नाही. सावकाराला कर्ज सोडायचे असेल तरी आधी खतावणी उघडून आकडा वाचावा लागतो. म्हणून, ‘झाले ते विसरा, काही एवढे झाले नाही’ असे जो म्हणतो तो तुमच्याकडे क्षमा मागत नसून हिशेबाचे पान फाडायला सांगतो आहे. तुम्ही तो आकडा एकदा वहीत लिहून काढा, कोणाला दाखवण्यासाठी नव्हे, तर आपण नेमके काय सोडतो आहोत हे आपल्याला ठाऊक असावे म्हणून.

माझ्या वहीत काय निघाले ते थोडक्यात सांगते. सोयाबीनची पट्टी हातात आली की कृषी केंद्राची उधारी राहू दे, आधी दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग गटाला. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत सर्वांसमोर पापकबुली, आणि तीच कबुली पुढे प्रश्न विचारला की आपल्याविरुद्ध उभी. सख्ख्या भावाचे लग्न हिंदू पद्धतीने लागणार म्हणून मी माहेरी गेले नाही; तो दिवस काही परत मिळणार नाही. पण त्याच वहीत दुसरी बाजूही निघाली, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. सासूबाई छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात होत्या तेव्हा गटातल्या बायकांनी आळीपाळीने रात्री काढल्या आणि घरून डबे आणले. त्यांचे प्रेम खोटे नव्हते. ज्यांनी दुखावले त्यांनीच एके काळी सांभाळले होते, म्हणून राग येतो तसे रडूही येते, आणि त्या रडण्याला पुष्कळ जण परत जाण्याची ओढ समजतात. ५५ व्या स्तोत्रात हेच दुःख आहे : शत्रूने निंदा केली असती तर सोसले असते, पण तो तर माझा सोबती, माझा स्नेही होता, ज्याच्याबरोबर मी देवाच्या घरी जात असे. स्तोत्रकर्त्याने हे प्रार्थनेतच म्हटले आहे. आधी मन शांत करून मग प्रार्थनेला बसला, असे नाही.

आता परत जाण्याविषयी. यासाठी मला शास्त्रात सर्वांत उपयोगी पडले ते दावीद आणि त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल यांचे प्रकरण, आणि गंमत अशी की हेच प्रकरण पुढारी मंडळी आपल्या बचावासाठी वापरतात. ‘परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल; अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेला. १०५ व्या स्तोत्रात ते शब्द देवाने राजांना बजावलेले आहेत, आणि ज्यांना हात लावायचा नाही ते अब्राहाम, इसहाक, याकोब हे तेव्हा परमुलखात भटकणारे मूठभर परके लोक होते. दुबळ्याच्या संरक्षणासाठी सत्ताधाऱ्याला दिलेली ताकीद सत्ताधाऱ्याने स्वतःची ढाल म्हणून वापरावी, यापरता उलटा अर्थ मला तरी दुसरा ठाऊक नाही.

दावीदाने शौलाला अभिषिक्त म्हटले हे खरे. पण १ शमुवेलाचा २४ वा अध्याय पूर्ण वाचा. तीन हजार निवडक माणसे घेऊन शौल त्याला मारायला निघालेला आहे, गुहेत तो आपसूक हाती सापडतो, आणि दावीद त्याला मारत नाही, फक्त झग्याचा काठ कापून घेतो. मग शौल बाहेर पडल्यावर त्याला हाक मारून, तो काठ दाखवून, तुम्ही माझा अन्यायाने पाठलाग करत आहात हे उघडपणे सांगतो; माझा हात तुमच्यावर पडणार नाही, न्याय परमेश्वर करील, असेही म्हणतो. शौल मोठ्याने रडतो, तू माझ्याहून नीतिमान आहेस म्हणतो. आणि अध्यायाचे शेवटचे वाक्य असे, की शौल आपल्या घरी गेला व दावीद आपल्या माणसांसह गडावर गेला. अश्रू पाहूनही तो राजवाड्यात परतला नाही. २६ व्या अध्यायात त्याचे कारण कळते, कारण शौल पुन्हा तितकीच माणसे घेऊन पाठीवर येतो. या वेळी दावीद दूर डोंगरमाथ्यावर, मध्ये बरेच अंतर ठेवून उभा राहतो. ‘मी पाप केले, माझ्या मुला, परत ये,’ असे शौल म्हणतो. दावीद त्याचा भाला परत देतो, पण तो न्यायला शौलाचा एखादा तरुण इकडे यावा असे सांगतो. स्वतः तो भाला घेऊन शौलाजवळ जात नाही. सूड नाही, शिव्याशाप नाहीत, वस्तूही परत केली, आणि तरी अंतर कायम. ज्याला ही क्षमा अपुरी वाटते त्याने आधी दावीदाशी वाद घालावा.

हातपाय गार पडण्याविषयी फार बोलण्याची गरज नाही, कारण ते पाप नाही. एव्हरेट वर्दिंग्टन या अमेरिकी ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञाने निर्णयाने केलेली क्षमा आणि भावनेपर्यंत पोचलेली क्षमा यांत फरक केला आहे. पहिली आज होऊ शकते, दुसरी आपल्या गतीने येते. शरीराची भीती त्याहून वेगळी आहे. ज्या आवाजाबरोबर वर्षानुवर्षे धाक बसला, तो ऐकल्यावर छाती धडधडणे स्वाभाविक आहे. झोप उडत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. घाटीतला मानसोपचार विभाग किंवा तुमचे जिल्हा रुग्णालय हाही मार्ग आहे. गोळी घेणे म्हणजे अविश्वास, असे तुम्हाला शिकवले असेल तर शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता हे ध्यानात ठेवा.

विश्वास ठेवून आज्ञा नाकारणारे लोक आपल्याकडे नवे नाहीत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला, आणि थोड्याच काळात तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे धर्माधिकाराच्या प्रश्नावर खटके उडू लागले. १८८५ मधल्या पत्रात रमाबाईंनी स्पष्ट कळवले, की भारतातल्या पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घ्यायची आपली तयारी नाही. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही, त्या बाईंशी पत्रव्यवहारही पुढे चालू राहिला, पण मान दिली नाही. मला हे उदाहरण पुष्कळ प्रवचनांपेक्षा अधिक धीर देऊन गेले.

तक्रारीविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. बाजारात कोणी बोलू नये, नातेवाइकांनी संबंध तोडावेत असा फतवा निघाला असेल, तर जुलै २०१७ पासून लागू झालेल्या महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. लहान मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले असेल तर पोलिसांना सांगणे हे आपल्या मर्जीवर नसून कायद्याने बंधनकारक आहे, मग पास्टर क्षमेविषयी काहीही म्हणोत. सूड घेऊ नका असे रोमकरांस पत्रात लिहिणाऱ्या प्रेषित पौलानेच फिलिप्पै शहरात बेकायदा फटके मारून गुपचूप सोडू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या, असे ठणकावले होते.

नवी मंडळी शोधताना घाई करू नका आणि पहिले वर्ष तरी कोणतीही जबाबदारी, अगदी संडे स्कूलचीसुद्धा, घेऊ नका. मागच्या बाकावर बसा. पाळकाची बदली होते का, वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो का, एखाद्याने हात वर करून प्रश्न विचारला तर लोक कसे पाहतात, एवढे पाहा. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले तेव्हापासून या भागात मंडळ्या आहेत. जुन्या मंडळ्यांतल्या कमिट्यांची भांडणे प्रसिद्ध आहेत आणि मीही त्यांना कंटाळते. पण भांडण उघडपणे होऊ शकते, ही एका अर्थी सुरक्षिततेची खूण आहे हे मला गटातून बाहेर पडल्यावरच कळले.

राहिले आईवडील. योहानाच्या नवव्या अध्यायातल्या जन्मांधाचे आईवडील आठवा. मुलाला दृष्टी आली हे ठाऊक असूनही, सभास्थानातून घालवतील या भीतीने ते म्हणाले, तो प्रौढ आहे, त्यालाच विचारा. शुभवर्तमानात त्यांची भीती सांगितली आहे, त्यांना दोष दिलेला नाही. मुलाला अखेर बाहेर घालवलेच, आणि ते ऐकून येशूने त्याला शोधून काढले. परत जाऊन त्याला घालवणाऱ्या परूश्यांशी, म्हणजे त्या धर्मपुढाऱ्यांशी, समेट कर, असे सांगितले नाही. तुमचे आईवडील आज त्याच भीतीत आहेत असे समजून वागा. पास्टरांना एकदाच, दोन ओळींत कळवा, की मी तुम्हाला देवासमोर क्षमा केली आहे, मी येणार नाही आणि यापुढे आईवडिलांमार्फत निरोप पाठवू नयेत. नंतर कितीही उत्तरे आली तरी लिहू नका. आईला मात्र फोन चालू ठेवा. गटाचा विषय निघाला की पाऊसपाणी, धाकट्याची परीक्षा, गुडघेदुखी याकडे वळवा, आणि नाताळला फराळ घेऊन घरी जा. त्या वेळी पास्टर तिथे येऊन बसलेले दिसले, तर डबा आईच्या हाती द्या, पुन्हा येते म्हणा आणि पुढच्या एस.टी.ने परत या.