लिफ्ट केलेल्या जीपला शॉकअप कशावर अडकवायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महिंद्राची एमएम ५४० जीप, पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) २ इंच लिफ्ट म्हणजे उंची वाढवलेली, चाक लटकलं की मूळ शॉकअप (शॉक अब्सॉर्बर) लांबीला कमी पडतोय, आणि गॅरेजवाला वरचा पॉइंट २ इंच खाली आणणारी पट्टी लावून देतो म्हणतोय. लावू का?

नको. मी लावली होती. गाडी रस्त्यावर उभी असताना शॉकअप अगदी मूळ जागी बसल्यासारखा दिसतो, फसगत तिथेच होते. लिफ्टमुळे चाकाला वर जायला २ इंच जास्त जागा मिळालेली असते, पण बंप स्टॉपर (चाकाला वर जाताना अडवणारा ठोकळा) होता तिथेच राहतो. मग मोठ्या खड्ड्यात स्टॉपर टेकायच्या आधी शॉकअपच तळाला आपटतो आणि तो सगळा दणका पट्टीवर. माझी मुळशीकडच्या एका ओढ्यात पिरगळली, वर चासीचा पिनही वाकवून गेली. लावायचीच असेल तर स्टॉपरही तेवढाच खाली आणा, पण मग लिफ्टचा निम्मा फायदा गेला.

त्यापेक्षा आधी टेप काढा. शॉकअप सोडा, चासी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लटकू द्या आणि शॉकअपचा वरचा डोळा (टोकाचं गोल कडं) जिथे बसतो तिथपासून खालचा बसतो तिथपर्यंत माप घ्या. मग एका बाजूचं चाक वर चढवून स्टॉपर टेकेपर्यंत दाबा, पुन्हा माप. लटकणाऱ्या ब्रेक होजवरही (ब्रेक ऑइलच्या नळीवरही) तेव्हाच नजर टाका, तो बहुतेकदा शॉकअपच्या आधी ताणतो. समजा मापं ५०० आणि ३६० मिमी आली. तर उघडल्यावर किमान ५१५ आणि मिटल्यावर जास्तीत जास्त ३३५ चा शॉकअप हवा. असा मिळाला तर ब्रॅकेटचा विषयच संपला, जुनेच पॉइंट चालतील. नाही मिळाला तर वरचा पॉइंट वर न्या, खाली नाही.

वर नेताना शॉकअप फार आडवा करू नका. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला की चाकाला त्याच्या जोराचा साधारण पाऊण भागच मिळतो, ४५ अंशांना निम्माच. आत जागा नाही म्हणून तिरपा टाकलेला महागडा शॉकअप मी बऱ्याच जीपना पाहिलाय.

आता नट-बोल्ट. एका बाजूनेच धरलेला पिन मूळ लांबीवर ठीक आहे, पण नवीन ब्रॅकेट करताय तर दोन कानांमध्ये (दोन्ही बाजूंच्या प्लेटांमध्ये) डोळा धरा. ५-६ मिमी प्लेट, मागून चासीला तिकोनी आधार. आधी नुसते टाके मारून चाक वरखाली करून बघा, मग पूर्ण वेल्डिंग. बॅटरीची वायर काढायला विसरू नका.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो. चकचकीत स्टेनलेसचा मोह टाळा: नेहमीचा ए२-७० हा ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो, आणि वाकायला तर बराच आधी सुरुवात करतो. कानाच्या जागी आटे येता कामा नयेत, गुळगुळीत दांडाच यायला हवा. म्हणून लांब बोल्ट घेऊन उरलेला भाग कापा. नायलॉक नट, दोन्हीकडे जाड वायसर. डोळ्यातल्या बुशमधली (अस्तरामधली) लोखंडी नळी कानांमध्ये घट्ट दाबली गेली पाहिजे. नळी सैल राहिली की बोल्ट भोक मोठं करतो, आणि महिन्याभरात तो टकटक आवाज सुरू.

बुश रबरचाच ठेवा. पीयू (पॉलियुरेथेन) चालतो, पण धुळीत कुरकुरतो. बॉल जॉइंटवाला डोळा मोकळा फिरतो हे खरं, पण आपल्या लाल चिखलात किती टिकेल? नळीला चिकटवलेलं रबर असेल तर शेवटचा पाना गाडी चाकांवर उभी करूनच मारा. लटकत्या चाकावर आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

चाकाची दोन्ही मापं घेतलीत की इथे टाका, शॉकअप कुठला बसेल ते बघू.