लोकगीतांच्या जुन्या सीडीचं कव्हर फाटलंय, मागचा बारकोड तेवढा शाबूत आहे. त्यावरून अल्बम ओळखता येईल का?

हो, बऱ्याचदा येतो: बारकोडखालचे सगळे आकडे सलग, मध्ये जागा न सोडता, डिस्कॉग्ज किंवा म्युझिकब्रेन्झ या अल्बमची माहिती साठवणाऱ्या वेबसाइटवर शोधा. या दोन्ही ठिकाणी अल्बमच्या नोंदीत बारकोडही दिलेला असतो, त्यामुळे गायकाचं नाव ठाऊक नसलं तरी चालतं. आकडे १२ असतील आणि काही सापडलं नाही, तर सुरुवातीला शून्य लावून बघा. यूपीसी हा १२ आकडी बारकोड ईएएन या १३ आकडी प्रकारात तसाच, आधी शून्य लावून, लिहितात. एखादा आकडा पुसट असला तरी बिघडत नाही. शेवटचा आकडा बाकीच्यांवरून काढलेला असतो, म्हणून हरवलेला हिशेबाने मिळतो. सुरुवातीचे ८९० पाहून मात्र फार काही ठरवू नका; कंपनीने क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घेतला, एवढंच त्यातून कळतं. लावणी-पोवाड्यांच्या छोट्या कंपन्यांच्या सीडी बऱ्याचदा कुणी नोंदवलेल्याच नसतात. तसं असेल तर सीडी उजेडात तिरकी धरा आणि चकचकीत बाजूला, मधल्या भोकाभोवतीच्या कड्यावरचा बारीक क्रमांक वाचा. त्यात अनेकदा कंपनीचा कॅटलॉग नंबर, म्हणजे कंपनीने त्या अल्बमला दिलेला स्वतःचा क्रमांक, असतो, आणि तो बारकोडपेक्षा जास्त कामाचा.