हवामान बदलाच्या प्रश्नात एक विद्यार्थी खरंच काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, दोन मोर्चांना जाऊन आलात, झाडंही लावलीत, तरी 'याने काय होणार?' हा प्रश्न मनातून जात नाही. मी नागपूरला एम.एस्सी. करते. घर चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठाला, कोळसा खाणीच्या शेजारी. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी (म्हणजे मंजुरीआधी आसपासच्या लोकांचं म्हणणं ऐकून घेणारी सरकारी सभा) शोधा, त्या प्रकल्पाचे परिणाम सांगणारा पर्यावरणीय अहवाल पूर्ण वाचा, आणि ज्यांच्या दारात तो प्रकल्प येणार आहे त्यांच्यासोबत बसून तो मराठीत समजून घ्या.

हे का म्हणते ते सांगते. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं आहे. तिथली वीज राज्यभर जाते, तुमच्या होस्टेलपर्यंतही. राख आणि धूळ मात्र इथेच राहते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा ८३.८८ गुण मिळून चंद्रपूर सर्वांत प्रदूषित पट्ट्यांत देशात चौथं आलं होतं. कोळशावरच्या वीज केंद्रांनी धुरातला सल्फर डायऑक्साइड कमी करावा, हा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. मुदत दोन वर्षांची होती, ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, आमच्याकडे पारा ४५-४६ च्या पुढे जातो तेव्हा वावरात कामाला जाणाऱ्या बायकांना सावलीसुद्धा नसते.

२०२२ चं वर्ष माझ्या डोक्यातून जात नाही. त्या वर्षीचा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. उकाड्याने विजेची मागणी वाढली, कोळसा कमी पडू लागला. मे महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने आदेश काढला: ज्या कोळसा खाणींना आधी ४० टक्के विस्ताराची परवानगी मिळाली आहे, त्यांना तो ५० टक्क्यांपर्यंत नेता येईल, नवा अहवाल नको आणि नवी जनसुनावणीही नको. म्हणजे उष्णता वाढली म्हणून वीज जास्त लागली, विजेसाठी कोळसा लागला, आणि कोळसा लवकर निघावा म्हणून खाणीशेजारच्या माणसांचं ऐकून घेणंच वगळलं गेलं. दोन महिन्यांनी, जुलैत, वर्धेला पूर आला. पर्यावरणीय न्याय म्हणजे काय हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा त्या चार महिन्यांनी जास्त शिकवलं.

त्याच सुमारास मी रिधिमा पांडेच्या याचिकेबद्दल वाचलं. उत्तराखंडची ही मुलगी नऊ वर्षांची असताना, २०१७ मध्ये, हवामान बदलाबाबत सरकार पुरेसं करत नाही म्हणून राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या न्यायालयाकडे, गेली होती. जानेवारी २०१९ मध्ये लवादाने प्रकरण निकाली काढलं. पर्यावरण मंजुरी देताना हवामानाचा विचार होत नसेल असं मानायला कारण नाही, असा त्यामागचा सूर होता. मला वाटलं, मग तो विचार कुठे होतो ते आपणच बघावं.

आमच्या भागातल्या एका खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी जाहीर झाली आणि मी अहवाल मिळवला. चारशेच्या वर पानं, सगळी इंग्रजीत. मराठी सारांश वीसेक पानांचा. हवामान बदलावर दीड पान होतं, आणि त्यात हरितपट्ट्यात किती झाडं लावणार एवढाच हिशेब. खणलेला कोळसा जळल्यावर काय होईल, याबद्दल एक ओळही नव्हती.

गावात पहिल्या दिवशी मी पॅरिस करार, म्हणजे हवामान बदलावरचा जागतिक करार, समजावायला बसले. बायका शांतपणे ऐकत होत्या, पण त्यांचा प्रश्न विहिरीचा होता. दुसऱ्या दिवशी अहवालातलं पाण्याचं प्रकरण उघडलं. नमुने डिसेंबर ते फेब्रुवारीत घेतलेले. पावसाळा सोडून एका ऋतूचे नमुने नियमात चालतात. माझी मोठी आई लगेच म्हणाली, "हे तं थंडीतलं मोजलं. ओबीच्या ढिगाऱ्यानं नाला बुजला अन् पुराचं पाणी वावरात आलं, ते कोठी लिहिलं?" (ओबी म्हणजे कोळशावरची काढून टाकलेली माती आणि दगड.) चारशे पानं वाचून मला जे दिसलं नव्हतं ते तिने एका वाक्यात दाखवलं. त्या आठवड्यात आम्ही अकरा प्रश्न तयार केले आणि ज्या बाईचा प्रश्न तिनेच तो विचारायचा असं ठरवलं.

सुनावणीचे नियम माहीत असणं फार उपयोगी पडतं. किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना यावी लागते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो. लेखी हरकतही देता येते. सगळ्याचं चित्रीकरण होतं, आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. आमच्याकडे ते वाचलं गेलं तेव्हा पुराचा मुद्दा 'पाण्याची समस्या' एवढ्या दोन शब्दांत उरला होता. मोठी आई उभी राहिली आणि पूर्ण वाक्य लिहून होईपर्यंत बसली नाही.

खाणीला मंजुरी मिळाली. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण ते वाक्य सरकारी कागदावर आहे, आणि आता गावातले कास्तकार नुकसानभरपाईच्या अर्जाला ते पान जोडतात. आणि प्रकल्प थांबतच नाहीत असंही नाही. ताडोबाशेजारी लोहाऱ्याला होऊ घातलेली खाण २००९ मध्ये लोकांच्या विरोधामुळे थांबली, चंद्रपूरच्या इको-प्रो या पर्यावरण संस्थेच्या बंडू धोतरे यांनी त्यासाठी उपोषण केलं होतं. मार्च २०२४ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाच्या खटल्यात म्हटलं की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येणारा हक्क आहे. (आमच्या वरोरा भागात माळढोक दिसायचे, म्हणून तो निकाल मला जास्त जवळचा वाटला.) पण असा हक्क मागायला पुरावा लागतो, आणि पुरावा अशाच कागदांत जमा होतो.

मोर्चे सोडू नका. माझ्या मैत्रिणी मला मोर्चातच भेटल्या. पण तुम्ही इंजिनिअरिंगचे आहात. भूजलाचं आणि हवेच्या मॉडेलचं जे प्रकरण समजायला मला चार रात्री लागल्या, ते तुम्ही एका बैठकीत वाचाल. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर जनसुनावण्यांच्या सूचना आणि मराठी सारांश असतात, केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर प्रस्ताव सापडतात. सारांश मूळ अहवालाशी ओळीने ताडून बघा. आमच्या अहवालात गावातल्या विहिरींची संख्या दोन्हीकडे वेगळी होती, आणि आमचा पहिला प्रश्न तिथूनच निघाला.