‘रिंग २’ पाहणार असाल तर

जपानी भयपटांची सुरुवात करताय, मस्तच! पण १९९८चा ‘रिंग’ पाहिल्याशिवाय दुसऱ्या भागाला हात लावू नका. नवे प्रेक्षक हमखास दोन चुका करतात:

- २००५चा हॉलिवूडपट लावतात. दिग्दर्शक तोच, हिदेओ नाकाता. पण तुम्हाला हवा तो १९९९चा जपानी.
- ‘रासेन’ मध्येच घुसवतात. तोही ‘रिंग’चा पुढचा भाग, पण ‘रिंग २’ त्याची कथा धरतच नाही. तूर्त बाजूला ठेवा.

पटकथा पहिल्याइतकी घट्ट नाही, हे खरं. तरी विहिरीच्या प्रसंगासाठी थांबाच. सादाको, म्हणजे या मालिकेतलं भूत, भिंतीवरून सरसर वर येते, आणि तिचा चेहरा असतो कवटीवरून मातीत घडवलेला! माझ्या मते अख्ख्या मालिकेतला सर्वात भेदक क्षण. सबटायटल्सच घ्या, डबिंग नको.