लास्ट सपरची तिकिटं

"मॅडम, निघायच्या आधीच इतकं बिघडतंय, म्हणजे जाऊच नये असा हा संकेत तर नसेल ना?"

मी समुपदेशक आहे. मोठ्या प्रवासाआधी माझ्याकडे येणारी माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. कुणी 'माशी शिंकली' म्हणतं, कुणी 'योगच दिसत नाही' म्हणतं. एकांनी तर पत्रिका पुढे ठेवली होती. या प्रश्नाला मी आता सरळ उत्तर देत नाही, कारण एका ताईंनी मला त्याच्या मागचा प्रश्न ऐकायला शिकवलं. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई ५४ वर्षांच्या. बँकेतून ऐच्छिक निवृत्ती घेतलेल्या. यजमान शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, तेही निवृत्त. ऑक्टोबरच्या मध्यावर दोघांनी १२ दिवस इटलीला जायचं ठरवलं होतं: मिलान, व्हेनिस, फ्लोरेन्स, रोम. टूर कंपनीबरोबर नाही, आपलं आपण. हा हट्ट ताईंचा. "आयुष्यभर लोकांचे हिशेब जुळवले मॅडम, एक ट्रिप जुळवता येऊ नये?" असं त्यांनी घरात सगळ्यांना सांगितलं होतं. जाऊबाईंना जरा जोरातच.

त्या आल्या ते सप्टेंबरच्या सुरुवातीला. झोप उडाली होती. रात्री दोन-अडीचला उठून मोबाइलवर नकाशे, तिकिटं, हवामान बघत बसायचं आणि सकाळी डोकं जड. सोबत रंगीत खुणा लावलेली फाइल आणि एक वही. वहीत लाल पेनाने, आकडे घालून, झालेल्या चुका लिहिलेल्या. अकरा होत्या. मी वही मागितली तर आधी छातीशी धरली, मग दिली.

विमानाच्या तिकिटावर चुकीचं नाव, ही पहिली नोंद. लग्नात नाव बदललेल्या आपल्याकडच्या अनेक बायकांना हे लगेच कळेल. पासपोर्टवर माहेरचं नाव, आणि तिकीट काढताना हाताने सवयीने ते नाव टाइप केलं ज्याने त्यांना ३० वर्षं सगळे हाक मारतात. दुसरी नोंद व्हेनिसच्या हॉटेलची. स्वस्त आणि छान मिळालं म्हणून घेतलं, नंतर कळलं ते मेस्त्रेत आहे. महापालिका व्हेनिसचीच, पण मेस्त्रे जमिनीवर आणि कालव्यांचं व्हेनिस पाण्यापलीकडे, मधे रेल्वेचा लांब पूल. "वाशीत राहून मुंबई बघायची," मुलगा फोनवर म्हणाला होता आणि हसला होता. ताईंना ते हसू लागलं होतं. पुढे रोमच्या कलोसियमची, त्या प्राचीन प्रेक्षागाराची, तिकिटं संपली. मग त्यांच्या फ्लोरेन्स ते रोम प्रवासाच्या दिवशी रेल्वेचा संप जाहीर झाला. पासपोर्ट व्हिसासाठी गेलेले, अजून परत नाहीत. अशी यादी चालली होती.

मी काही प्रवास सल्लागार नाही. पण असा माणूस समोर बसला की 'काळजी करू नका' म्हणून चालत नाही. काळजीत कुठे तथ्य आहे आणि कुठे नाही, हे त्याच्याबरोबर बसून बघावं लागतं. आम्ही एकेक ओळ घेतली.

नावाची दुरुस्ती जुलैमध्येच झाली होती. शुल्क भरून नवं तिकीट हातात आलं होतं. तरी ती नोंद लालच होती. मी विचारलं, बँकेत रक्कम जमा झाल्यावरही तुम्ही थकबाकी दाखवायचात का? त्या पहिल्यांदा थोडं हसल्या.

कलोसियमची तिकिटं संपलीच नव्हती. अधिकृत संकेतस्थळावर ती भेटीच्या ३० दिवस आधी सुटतात. ताई त्याआधीच बघत होत्या, तारीख करडी दिसली आणि 'संपली' असा अर्थ त्यांनी लावला. इथे मात्र एक काम निघालं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून ही तिकिटं नावावर असतात आणि दारावर ओळखपत्र बघतात. म्हणजे पुन्हा तोच माहेर-सासरचा घोळ होऊ शकला असता. चुकीची नोंद शोधताना खरी सूचना हाती लागली.

संपाचं त्यांना सगळ्यात भय होतं, आणि तेच सगळ्यात सोपं निघालं. इटलीत संप ही काही आभाळ कोसळण्याची घटना नव्हे. तो आधी जाहीर करावा लागतो, आणि कायद्याने काही गाड्या सोडाव्याच लागतात. कामाच्या दिवशी प्रादेशिक गाड्यांसाठी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळा राखलेल्या असतात, लांब पल्ल्याच्या हमीच्या गाड्यांची वेगळी यादी निघते. ताईंनी वहीत लिहिलं: 'यादीतली गाडी बघणे.' पेन निळं घेतलं होतं, हे मी मनात टिपलं.

व्हिसाचं मात्र आमच्या कुणाच्याच हातात नव्हतं. नियमाप्रमाणे निर्णय साधारण १५ दिवसांत येतो, क्वचित ४५ पर्यंत लांबतो. त्यांचा अर्ज जाऊन ९ दिवस झाले होते. अर्जाची स्थिती त्या दिवसातून पंचवीस वेळा बघत होत्या. अशा वेळी वाट बघणं हेच काम असतं, आणि आपल्याला काम न करण्याचं काम फार जड जातं.

मग मी त्यांना आमच्या व्यवसायातला एक जुना गृहपाठ दिला. काळजीची वेळ ठरवायची. संध्याकाळी २० मिनिटं वहीपुढे बसून मनसोक्त काळजी करायची, बाकी वेळी मनात आली की 'सहा वाजता बघू' म्हणून तिला परतवायचं. बऱ्याच जणांना याचा उपयोग होतो. शिवाय 'च' बद्दल बोललो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर मराठीत बोलताना हा 'च' फार हाताशी येतो. 'ट्रिप चांगली व्हावी' ही इच्छा झाली. 'ट्रिप चांगली झालीच पाहिजे' म्हटलं की ती मागणी होते, आणि मागणी नाकारली जाण्याची भीती तिच्या पाठोपाठ येते. ताईंना हे पटलं. त्यांनी वहीत सात 'च' शोधून खोडले.

पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या आणखी ओढलेल्या चेहऱ्याने. व्हिसा आला होता! पासपोर्ट पर्समध्ये होते. अकरातल्या आठ नोंदींवर निळी रेघ होती. आणि झोप पहिल्यापेक्षा वाईट.

इथे माझी चूक सांगायला हवी. वही इतकी नीटनेटकी होती की मी वहीवरच उपचार करत बसले. बारावी नोंद आहे का, हे विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी विचारलं. "वहीत न लिहिलेलं काही आहे का?"

बराच वेळ त्या फाइलीच्या रबराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लास्ट सपर."

यजमानांनी ३३ वर्षं वर्गात लिओनार्दो दा विंचीचं लास्ट सपर, म्हणजे येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, शिकवलं होतं. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं एक छापील चित्र होतं, कडा झिजलेल्या, तेच दरवर्षी. इटली ठरली ती त्या चित्रासाठी. मूळ चित्र मिलानमध्ये, सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या चर्चच्या मठात, जिथे साधू जेवायला बसायचे त्या दालनाच्या भिंतीवर आहे. चित्र नाजूक झालेलं, त्यामुळे थोड्या थोड्या लोकांना फक्त १५ मिनिटं आत सोडतात. तिकिटं काही महिन्यांची एकदम सुटतात आणि बघता बघता संपतात. ती सुटण्याची तारीख ताईंनी कॅलेंडरवर गोल करून ठेवली होती. नेमका त्या दिवशी सासूबाईंना ताप भरला. डॉक्टर, रक्ततपासणी, पेज. रात्री साडेदहाला आठवलं, तोवर त्यांच्या दोन्ही दिवसांची एकही वेळ उरली नव्हती.

"मग तुम्ही त्यांना सांगितलंत?"

"रात्री जेवताना ह्यांनी विचारलं, काढलीस ना तिकिटं? मी हो म्हणाले."

बस्स, एवढंच. एक 'हो'. त्यानंतर दोन महिने यजमान रोज रात्री ते पुठ्ठ्यावरचं चित्र टेबलावर मांडून, छोट्या वहीत एकेका शिष्याचा हात काढत होते. प्रत्यक्ष बघताना १५ मिनिटांत काय काय बघायचं याची तयारी. ताई स्वयंपाकघरातून ते बघत होत्या.

आता तो पहिला प्रश्न पुन्हा वाचा. जाऊच नये असा हा संकेत तर नसेल ना? संप झाला, व्हिसा अडला, योगच नव्हता असं काहीतरी झालं, तर मिलानच्या त्या दारापर्यंत जावं लागणार नाही. संकेत त्यांना हवाच होता. बाकीच्या अकरा चुका लाल पेनाने जपून ठेवल्या होत्या त्या यासाठी. माझ्या अनुभवात प्रवासाआधीची जी काळजी कामं उरकूनही उतरत नाही, तिच्या मुळाशी बरेचदा कुणाला तरी न सांगितलेलं एखादं वाक्य असतं. चूक लहान असते. ती सांभाळत बसण्याचा खर्च मोठा.

मी त्यांना 'सांगून टाका' म्हटलं नाही. सांगून टाका म्हणणं सोपं असतं, जेवायच्या टेबलावर समोर बसायचं असतं त्यांना. आम्ही सांगायची पहिली दोन वाक्यं ठरवली. त्यांनी आधी लिहिलं, "अहो, त्या दिवशी आईंना ताप होता ना, तर त्या धावपळीत..." मी विचारलं, कारण आधी का? कारण आधी आलं की समोरच्याला ते समर्थन वाटतं, आणि या वाक्यात तर सगळं ओझं सासूबाईंच्या तापावर जात होतं. खोडून लिहिलं, "लास्ट सपरची तिकिटं मला मिळाली नाहीत. मी हो म्हणाले ते खोटं होतं." वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडकला.

यजमान हसून समजूतदारपणे म्हणाले असतील असं वाटत असेल, तर तसं झालं नाही. ते चिडले. तिकिटांवरून कमी, दोन महिने आपल्याला रोज चित्र काढताना बघत राहिली यावरून जास्त. एक दिवस अबोला झाला. ताईंचा मला फोन आला, "बघा, म्हणून सांगत नव्हते." पण त्याच फोनवर त्यांनी सहज सांगितलं की आदल्या रात्री त्या साडेपाचपर्यंत सलग झोपल्या होत्या. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यजमानांनी शाळेच्या वेळची ट्रंक उघडली. पुढचं मला ताईंनी जसं सांगितलं तसं लिहिते, कारण हे ज्ञान माझं नाही. ते म्हणाले, अगं, लास्ट सपर काय एकाच भिंतीवर आहे? फ्लोरेन्समध्ये मठामठात आहे. जुन्या मठांतून जेवणघराच्या भिंतीवर तेच चित्र काढायची पद्धतच होती. सांतआपोलोनियाच्या मठात आंद्रेआ देल कास्तान्योचं १४४७ सालचं आहे, ओन्यिसांती चर्चच्या मठात गिर्लांदायोचं १४८० चं. दोन्ही लिओनार्दोच्या आधीची. त्यात यहूदा, येशूचा विश्वासघात करणारा शिष्य, टेबलाच्या अलीकडे एकटा बसवलेला असतो, लांबून ओळखू यावा म्हणून. लिओनार्दोने त्याला उचलून सगळ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं. मी ३३ वर्षं पोरांना सांगतोय, की ती गंमत कळायला आधीची चित्रं बघितली पाहिजेत. मी तरी कुठे बघितलीत?

शिवाय, म्हणे, लिओनार्दोचं नियोजनही काही बरं नव्हतं. ओल्या गिलाव्यावर भराभर रंगवायचं सोडून सावकाश काम करता यावं म्हणून कोरड्या भिंतीवर रंगवलं. त्याच्या हयातीतच पोपडे निघायला लागले.

ताईंना यातलं काही माहीत नव्हतं. ज्या माणसापासून त्या ही चूक लपवत होत्या, उपाय त्याच माणसाच्या ट्रंकेत होता. हे सांगताना त्या मला म्हणाल्या, "आणि मी रात्री अडीचला गुगल करत होते!"

बाकीच्या नोंदी नंतर भराभर गेल्या. मेस्त्रेचं हॉटेल ठेवलं, गाडीने १० मिनिटांचं तर अंतर. कलोसियमची तिकिटं सुटली त्या दिवशी दोघं लॅपटॉपपुढे बसले, यजमानांनी पासपोर्ट हातात धरून स्पेलिंग एकेक अक्षर वाचून दाखवलं. मिलानचा एक दिवस कमी करून फ्लोरेन्सला दिला.

मधे जाऊबाईंनी फोनवर म्हटलं, टूरने गेला असतात तर हे झालं नसतं. ताईंनी सांगितलं, खरं आहे. मला विचाराल तर दोन महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात अवघड वाक्य तेच असावं. तसं तर टूरवाल्यांच्याही हातात सगळं नसतं. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस वारले आणि नव्या पोपच्या निवडीसाठी २८ एप्रिलपासून व्हॅटिकनमधलं सिस्टिन चॅपल पर्यटकांना बंद झालं. महिनोन्महिने आधी ठरवून आलेले लोक त्यात होतेच. पण हे मी ताईंना सांगितलं नाही, त्यांना आता त्याची गरज नव्हती.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात मला एक फोटो आला. लांबट, शांत दालन, समोरच्या भिंतीवर चित्र, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून वहीत काहीतरी काढणारा माणूस. आजूबाजूला कुणी नाही. खाली लिहिलं होतं, "पाऊण तास झाला, कुणी बाहेर काढत नाही."

दोन दिवसांनी रोमच्या वाटेवरून आणखी एक निरोप. "फलाट बघायला चुकले. गाडी गेली. ह्यांना लगेच सांगितलं. चिडलेत. कॉफी घेतोय, पुढची सव्वा तासाने."