गिलाव्याविना उभं राहिलेलं थिएटर

प्रश्न : काका, दिल्लीच्या पाडलेल्या ‘चाणक्य’ थिएटरचा फोटो पाहिला. सगळं नुसतं करडं सिमेंट. त्यात जपण्यासारखं काय होतं? आणि होतं, तर वाचलं का नाही? आमच्याकडच्या टॉकीजही आता एकेक करून पडताहेत. – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, माझा जन्म जळगाव-भुसावळकडे सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा) आणि स्लॅबच्या कामात गेला, म्हणून आधी भिंतीचंच सांगतो. आपल्याकडे काँक्रीट कसंही पडलं तरी वरून गिलावा बसतो आणि सगळं झाकलं जातं. उघड्या काँक्रीटला ती मुभा नसते. फळी बोटभर सरकली, खडी एका कोपऱ्यात गोळा झाली, कालच्या आणि आजच्या मालाचा सांधा उमटला, की तो इमारत असेपर्यंत दिसणार. फळीच्या लाकडाची रेषसुद्धा भिंतीवर उठते. असं काम अंगावर घ्यायला गवंड्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांची छाती लागते. ‘चाणक्य’ अशा कामाचं होतं.

चाणक्यपुरीतलं हे थिएटर १९७० मध्ये सुरू झालं. रचना पी. एन. माथुर यांची, मालकी नवी दिल्ली नगरपालिकेची. एका पालिकेनं सिनेमासाठी इतकी धीट इमारत बांधली, याचं मला फार मोल वाटतं.

पुढं मल्टिप्लेक्स आले आणि पालिकेला त्या जागेवर मोठं व्यापारी संकुल हवं झालं. थिएटर चालवणारे आणि पालिका यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २००७ मध्ये शेवटचा खेळ झाला आणि २००८ मध्ये इमारत पाडली. आज तिथं मॉल आहे.

वाचलं नाही, कारण आपल्याकडे वारसा म्हटलं की वय बघतात. मुंबईचं ‘रीगल’ १९३३ चं, ‘इरॉस’ १९३८ चं. २०१८ मध्ये त्या परिसरासह ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. ‘चाणक्य’ चाळिशीही न गाठता गेलं. दिल्लीतलाच १९७२ चा ‘हॉल ऑफ नेशन्स’ हा काँक्रीटचा प्रदर्शन हॉल २०१७ मध्ये पाडला, तेव्हाही साठ वर्षं भरली नाहीत हेच कारण पुढं आलं. हा नियम मला साफ चुकीचा वाटतो. म्हातारी होईपर्यंत इमारत उभी ठेवली तरच ती म्हातारी होणार ना!

तुमच्या गावातली टॉकीज पडणार असेल तर नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मंजूर नकाशाची नक्कल मागा. मालकाला विचारून प्रोजेक्टरची खोली, बाल्कनीचा उतार, तिकीट खिडकी यांची मापं घ्या, फोटो काढा. हे जेसीबी यायच्या आधी करा.