अंगावर कोड आहे, आता केस गळतात आणि सारखा थकवा येतो. थायरॉइडही बिघडलं असेल का?

असू शकतं, पण अंदाज बांधत बसण्यापेक्षा रक्त तपासून घ्या. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन), फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी) एवढं पुरे. कोडात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते, आणि अशा लोकांत हाशिमोटो, म्हणजे थायरॉइडवरचा तसाच हल्ला, इतरांपेक्षा जास्त आढळतो. मी लॅबमध्ये काम करते म्हणून एक सांगते: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन दिवस आधी थांबवा (मोठा डोस असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी आधी) आणि रक्त घेणाऱ्याला तसं सांगा. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो, म्हणजे नसलेला हायपरथायरॉइड (थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालणं) कागदावर उमटतो! अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह पण टीएसएच नॉर्मल आला तर घाबरू नका. सहसा गोळी लागत नाही, वर्षातून एकदा टीएसएच बघत राहायचा. मात्र गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तिथे हिशोब वेगळा असतो. आणि हो, थकवा-केसगळती कमी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) किंवा बी१२मुळेही होते. त्याच सुईत तेही बघून घ्या.